त्या साली सात येळवशी

परवा धाराशिवच्या बाजारात हिरवी तूर आली, पावटा आला, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या जुड्या आल्या. भाजीवालीनं न मागता माझ्या पिशवीत चिंचेचा एक गोळा टाकला आणि म्हणाली, "बाई, येळवस आली. भज्जीला लागंल." वेळ अमावस्या हे तिचं पंचांगातलं नाव. पंचांगाबाहेर तिला या नावानं हाक मारताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवली, शुद्धलेखनाच्या नावाखाली पोरांच्या वह्या लालेलाल केल्या, पण 'येळवस' खोडून तिथं 'वेळ अमावस्या' लिहायला माझा हात कधी धजला नाही.

मार्गशीर्ष संपतो त्या दिवशी आमच्याकडं अख्खी गावं घरांना कड्या घालून रानात जातात. शहरातही दुकानांची शटरं खाली, कचेऱ्यांतल्या खुर्च्या मोकळ्या, एसटी स्टँडवर एखादा चुकार प्रवासी. पुण्याकडून बदलून आलेल्या एका साहेबांनी त्यांच्या पहिल्या येळवसीला मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, की आज गावात काही गडबड झालीय का. गडबड असते ती रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं हिरव्या शेंगांच्या दाण्यांची चिंच घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यात आंबील. पूजा झाली की पिकाभोवती फेरी घालत आंबील शिंपायची आणि ती कानडी वळणाची आरोळी द्यायची, जिचा अर्थ आजवर मला कुणी धड सांगितलेला नाही. मग जेवणं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बांधावरून हाक मारून बसवायचं, कारण आल्यागेल्याला वाढल्याशिवाय येळवस झाली असं कुणी मानत नाही.

यातलं सगळं मला आवडतं. पण गेली पंचवीस-सव्वीस वर्षं आंबील तोंडाला लावली, की तिच्या आंबटपणाबरोबर माझी एक चूकही घशाखाली उतरवावी लागते.

तेव्हा मी सास्तूरच्या पलीकडच्या एका गावात शिक्षिका होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण यात गावाचा दोष थोडा आणि माझा जास्त. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. नवं गावठाण वसलं होतं. रस्ते सरळ, घरं एका मापाची, आणि म्हातारी माणसं अजून अधूनमधून चुकून भलत्याच्याच दारात शिरायची. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सोडवायला गावातल्या ज्यांनी झळ सोसली, त्यांच्या नावांचा एक दगड जुन्या गावात होता. तो ढिगाऱ्यात फुटला. नव्या चौकात नवा दगड बसवायचा आणि सव्वीस जानेवारीला त्याचं उद्घाटन करायचं, असं ठरलं. समितीचे प्रमुख होते नाना. त्यांचे वडील त्या लढ्यातले, जुन्या दगडावर पहिलं नाव त्यांचंच होतं. "या वेळी बायांची बी नावं घालू," असं बैठकीत सुचवलं तेही नानांनीच. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादीचं काम माझ्याकडं आलं.

मी चार रकाने आखले. नाव, वय, कार्य, शेरा. सुरुवात नानांच्या घरून केली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. "रझाकारांच्या काळात वडील आन् आणखी चौघं ओढ्याच्या घळीत लपून होते. सहा-सात महिने काढले. निजामाच्या हद्दीपलीकडं आपल्या लोकांचा कॅम्प, त्याचे निरोप तिथून फुडं जायचे. वडलांच्या नावाचं वॉरंट होतं, त्याची नक्कल हाय आमच्याकडं."

"आणि जेवणखाण?" मी विचारलं.

"जेवण यायचं," नाना म्हणाले.

मी लिहून घेतलं, जेवण यायचं. वाक्यातला कर्ता शोधा, असं मी वर्गात पन्नास वेळा सांगत असे. त्या दिवशी मी स्वतःच लिहिलेल्या वाक्यात तो शोधला नाही. खालची ओळ आखली आणि नानांच्या घरचा चहा प्यायले.

बायांच्या दारात गेले, तर जिथंतिथं एकच उत्तर. "म्या काय केलं, बाई? चार भाकरी थापल्या." कार्य या रकान्यात भाकरी कशी लिहायची, हे मला समजेना. मग धुरपताबाईंकडं गेले. त्यांचा नवरा त्या काळात जेलात होता, जुन्या दगडावर त्याचंही नाव होतं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. सत्तरीच्या धुरपताबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कागद काढला. त्यांनी शेंग सोलता सोलताच सांगितलं, "त्या साली आमी सात येळवशी केल्या."

"सात वर्षं म्हणता का, मावशी?"

"न्हाय. एका साली. सात."

"अहो, येळवस वर्षातून एकदाच येते."

"येती की एकदाच."

"मग सात कशा?"

"केल्या म्हून सात."

मला हसू आलं आणि थोडी दयाही. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा आवाज करून मी त्यांना मार्गशीर्ष, अमावस्या, वर्ष असं सगळं समजावून सांगितलं. होय, त्यांना, ज्यांनी आयुष्यात पन्नासच्या वर कोपी पाहिल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. तुमी म्हणताव तसं," म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली. मी शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन शब्द लिहिले आणि उठले. त्या शब्दांपायी त्यांचं नाव यादीत गेलं नाही. शेवटी यादीत एकही बाई गेली नाही, आणि पाथरवटानं दगड कोरायला घेतला.

आता वाटतं, माझ्या जागी ते पुण्याचे साहेब असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं असतं, येळवस म्हणजे काय? मग धुरपताबाईंनी सांगितलं असतं, आणि सांगता सांगता सगळंच सांगून टाकलं असतं. मी इथली. उमरग्याजवळ मामाच्या रानात मी लहानपणापासून येळवशी जेवले. मला सगळं ठाऊक होतं आणि त्यामुळं मी काही विचारलं नाही.

महिनाभरात खरीच येळवस आली. धुरपताबाईंच्या सुनेनं आग्रहानं बोलावलं, म्हणून त्यांच्या रानात गेले. ज्वारी छातीला लागत होती, करडई अजून फुलायची होती. कोपीच्या सावलीत धुरपताबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाच्या भिवराबाई, बौद्ध वस्तीतल्या. पांडवांना हात जोडायचं त्यांच्या घरानं कधीच सोडलं होतं. "म्या पूजेला न्हाय, भज्जीला येती," असं त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. भज्जीचा पहिला घास त्यांनी तोंडात घोळवला आणि धुरपताबाईंकडं पाहून म्हणाल्या, "चैतातल्या भज्जीपरीस बरी झाली की गं."

दोघी इतक्या हसल्या, की धुरपताबाईंना ठसका लागला.

"चैतात भज्जी?" मी म्हणाले. चैतात रानात हिरवा दाणा नसतो, एवढं मलाही कळत होतं.

धुरपताबाईंनी पाणी प्यायलं. "तुमाला सांगितलं हुतं की, बाई. सात केल्या म्हून."

मग त्यांनी सांगितलं, मध्ये मध्ये भिवराबाईंनी. "मालक जेलात. घळीत ती पाच जणं. गावात चौकी बसवल्याली. हवालदार लांबचा, हैद्राबादच्या बी पल्याडचा, त्याचा शिपाई बी तिकडचाच. कोण बाई टोपलं घिऊन रानात निघाली की उघडाया लावायचे. चार भाकरीच्या वर निघाल्या की कुणाला चालल्यात म्हून इचारणा. शेजारच्या गावात एका बाईला तसं धरून नेलं, ती माघारी आली न्हाय. तेवढ्यात येळवस आली. सगळं गावच टोपली घिऊन निघालं. हवालदारानं इचारलं, हे काय? म्हणलं, आमचा सण हाय. सोडलं त्यानं. त्या दिशी घळीतल्यांनी प्वाटभर खाल्लं."

"मग महिन्यानं आवस आली," भिवराबाई म्हणाल्या. "म्या हिला म्हणलं, त्याला कुठं ठावं हाय वर्साला किती येळवशी असत्यात?"

एवढीच युक्ती. पुसातली, माघातली, फागणातली, चैतातली, अशी पार जेठापर्यंत. दर अमावस्येला गावातल्या बाया टोपली भरून, आंबिलाचं मडकं घेऊन चौकीसमोरून रानात गेल्या. पुढं पुढं तर पीक निघालेल्या, नांगरलेल्या, उघड्या रानात त्यांनी कोप उभी केली, पाच दगड मांडले आणि जिथं पिकाचं एक धाट नव्हतं तिथं आंबील शिंपत ती आरोळी दिली. एका टोपल्यात वर भज्जी आणि खाली वाळवलेल्या कडक भाकरी, महिनाभर टिकणाऱ्या. ते टोपलं भिवराबाईंचं असे. "शिपाई सगळ्यांची टोपली उघडायचा, माझी न्हाय. हात कसा लावंल? लांबूनच जा म्हणायचा. म्हून म्या म्होरं चालायची." हे सांगताना त्या हसत नव्हत्या आणि चिडलेल्याही नव्हत्या.

हवालदार बांधावर येऊन उभा राहायचा. आल्या माणसाला वाढायचंच, म्हणून त्यालाही वाढलं. चैतात वाळली तूर भिजवून भज्जी केली, तर तो म्हणाला होता, "पिछली बार का मजा नै." बाया पदराआड तोंड दाबून बसल्या. भीती होती, आणि हसूही होतं. मला हे फार खरं वाटलं, कारण वर्गात सगळ्यात जास्त हसू नेमकं दाबायच्या वेळीच येतं.

"देवाला फसवतोय, असं नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. दोन दिस झोप लागली न्हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "मग म्हणलं, पांडव बी लपूनच राहिल्ते की. त्यांला कळंल."

जेठातल्या अमावस्येला हवालदार जेवून उठला, हात धुतले आणि जाता जाता भिवराबाईंच्या टोपल्याकडं पाहत म्हणाला, "अब तेवार बस करो, अम्मा." त्याला कधी कळलं, किती कळलं, हे त्या दोघींना कधी समजलं नाही. आठवी येळवस त्यांनी केली नाही. पेरण्या लागल्या, घळीतली माणसं हद्दीपार गेली, आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं.

मी भिवराबाईंना विचारलं, घळीतल्यांनी त्यांच्या हातचं खाल्लं का. "खाल्लं की. भुकेल्यानं काय इचारावं?" त्या म्हणाल्या. पानातला उंडा त्यांनी दोन बोटांनी मोडला. "जात मागनं इचारली. झेंडा लागल्यावर." धुरपताबाईंनी मान खाली घातली. सुनेनं सगळ्यांना पुन्हा आंबील वाढली.

येळवस वर्षात एकदाच येते, हे त्या साली गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुराख्याला माहीत होतं, आंधळ्या म्हाताऱ्याला माहीत होतं, चौकीवर पाणी भरणाऱ्यालाही माहीत होतं. सात महिन्यांत एकानंही ते वाक्य तोंडातून काढलं नाही. अख्ख्या गावानं जे गिळलं, ते पन्नास वर्षांनी मी बोलले, आणि बोलले ते नेमकं धुरपताबाईंसमोर. मला त्या क्षणी कोपीतून उठून कुठंतरी जावंसं वाटलं. शिक्षकाला चुकायची सवय नसते, त्यामुळं लाज वाटली की ती जरा जास्तच वाटते.

ऊन उतरल्यावर मी धुरपताबाईंना कबूल केलं, की मी त्यांच्याबद्दल कागदावर शेरा लिहिला होता आणि त्यामुळं त्यांचं नाव गेलं.

"काय लिहिलाव?"

"वयोमानामुळे माहिती विसंगत."

"विसंगत म्हंजी?"

"म्हणजे... एकाला एक न जुळणारी."

त्यांनी थोडा विचार केला. "मग बरुबर लिहिलाव की. जुळू नये म्हूनच केल्तं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी नानांकडं गेले. नाना वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "बाई, दगड कोरून झालाय. आन् समजा जागा केली, तरी पुरावा कुठाय? बाकीच्यांचे जेलचे कागद हायत, वॉरंटं हायत. उद्या कुणी उठून म्हणंल, आमच्या आईनं धा येळवशी केल्या." मी म्हटलं, तुमच्या वडलांनी कधी काही सांगितलं नाही? ते म्हणाले, "वडील येवढंच म्हणायचे, जेवण यायचं." मग माझी समजूत घालत म्हणाले, "धुरपतामावशीचा सत्कार हाय की. मालकांच्या वतीनं. सत्काराच्या यादीत नाव घेतलंय."

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जो पकडला जातो त्याचा कागद होतो. जेलात गेला तर नोंद, फरार झाला तर वॉरंट. ज्या बायांनी काम इतकं नेटकं केलं, की जेवण करून गेलेल्या हवालदारालाही कागदावर लिहायला काही सापडलं नाही, त्यांचा कागद कोण करणार? त्या नीट वागल्या, आणि म्हणून त्या कुठंच नाहीत. इतिहासाच्या तासाला मी पोरांना शिकवलेली सगळी नावं मला त्या दिवशी निराळी दिसू लागली. ती मोठीच माणसं होती, यात शंका नाही. पण त्यांचं जेवण कुठून यायचं, हे मी आजवर एकाही वर्गात विचारलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला चौकात मांडव होता. दगडावर पांढरा कपडा, समोर सतरंज्या, बाया एका बाजूला. सूत्रसंचालन माझ्याकडं. कपडा सरकला, टाळ्या झाल्या, मग सत्कार. कागदावर लिहिलं होतं तसं मी वाचलं, की अमुक यांच्या पत्नी श्रीमती धुरपताबाई. वाचताना माझा आवाज मलाच आवडला नाही. त्या आल्या. नानांनी शाल दिली, नारळ दिला. त्यांनी दोन्ही नीट घेतलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"ह्यो सत्कार मालकाचा," त्या नानांना म्हणाल्या. "लई चांगलं केलाव. आमचा कवा हाय? माझा आन् भिवराचा?"

माइक माझ्या हातात होता आणि मी तो मागं घेतला नाही. एवढं एकच काम मी त्या हंगामात बरोबर केलं. नाना वाकून हळू आवाजात म्हणाले, पण चौकभर ऐकू गेलं, "मावशी, तुमच्या कामाचा पुरावा न्हाय ना आपल्याकडं."

"न्हायच, नाना. पुरावा ठिवला असता तर तुमचा बाप घळीतच धरला असता. मग पुरावा मागाया तुमी जन्मालाच आला नसताव."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नाना उभेच राहिले, हातात पुढची शाल तशीच. बायांच्या मागच्या रांगेत भिवराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडतायत असं मला आधी वाटलं, पण त्या हसत होत्या, चौकीसमोर हसल्या असतील तशाच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नाना शाळेत आले. सोबत काळ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि एक ब्रश. रात्रभर झोपलो नाही, असं त्यांनी म्हटलं नाही, पण ते तसे दिसत होते. "पाथरवट गेला. खाली चार बोटं जागा हाय. तुमचं अक्षर चांगलं हाय, बाई," एवढंच म्हणाले. मी धुरपताबाईंना विचारायला गेले, की नावापुढं नवऱ्याचं नाव लावू का. त्या म्हणाल्या, निसती नावं लिवा, आन् भिवराचं आधी, ती म्होरं चालायची. मी तसं लिहिलं.

त्या दोघी आता नाहीत. दगड आहे. वरची नावं कोरलेली, ती जशीच्या तशी आहेत. खालची दोन रंगवलेली, ऊन-पावसानं वर्षभरात त्यांचे पोपडे निघतात. म्हणून येळवसीच्या आसपास मी धाराशिवहून बस धरते, चौकात गोणपाट टाकून बसते आणि ती दोन नावं पुन्हा लिहिते. हात आता कापतो, काना वाकडा जातो. दर वर्षी कुणीतरी थांबतंच, बहुतेक गावात नव्यानं आलेली एखादी सून. डोक्यावरचं टोपलं सावरत विचारते, "बाई, ह्या दोघी कोण?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. वरच्या कोरलेल्या नावांबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.